डोकेदुखी पुडीने थांबली की मे महिन्याच्या सुट्टीने?

नमस्कार डॉक्टर,

माझी मुलगी १० वर्षांची आहे, पाचवीत शिकते. वजन २८ किलो. गेलं वर्षभर तिचं डोकं दुखतं, महिन्यातून चार-पाच वेळा. कपाळ दोन्ही बाजूंनी ठणकतं, चेहरा पांढराफटक पडतो, मळमळतं, मग उलटी होते. खिडकी लाव, टीव्ही बंद कर म्हणते. दोन-तीन तास झोपली की उठून जेवायला मागते, काही झालंच नाही अशी. उलटी झाल्यावर मी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी देते, पण फारसा फरक पडत नाही. डोळे तपासले, नंबर नाही. मार्चमध्ये रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी १४ आलं. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, अशा ६ पुड्या दिल्या. एप्रिल-मेमध्ये डोकेदुखी जवळजवळ थांबली. आम्हाला वाटलं, कारण सापडलं. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पुन्हा तेच. मग मी फार्मसीतून स्वतःच आणखी ४ पुड्या आणून दर आठवड्याला दिल्या. अजून दोन घरात आहेत.

मुंबईची नणंद म्हणते, डी कमी असल्यामुळेच मायग्रेन होतो, पुडी वर्षभर चालू ठेव. शेजारच्या बाई सांगतात, सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात उभी कर. सासूबाई दिश्ट काढतात. मिस्टर म्हणतात, गणिताच्या दिवशीच कसं दुखतं? मुलगी पावणेसातला चहा-बिस्किटं घेऊन घराबाहेर पडते, दुपारी दीडनंतर परत येते, चारला शिकवणी असते. मला स्वतःला पाळीच्या आधी डोक्याची एक बाजू दुखते. पण तिची दोन्ही बाजू दुखते, मग ती अर्धशिशी नसेल ना? चोर्ला घाटातून बेळगावला जाताना ती लहानपणापासून ओकते. डॉक्टर, पुडी चालू ठेवू का?

एक आई, साखळी, गोवा

ताई,

आधी घरात उरलेल्या त्या दोन पुड्यांबद्दल. त्या देऊ नका. बाकीचं पत्र सवडीने वाचलंत तरी चालेल, हे मात्र आजपासून.

तुमच्या डॉक्टरांनी दिलेल्या ६ पुड्यांबद्दल माझी तक्रार नाही. कमी पडलेलं भरून काढायला काही आठवडे मोठा डोस द्यायचा आणि मग थांबायचं, अशी ती पद्धत आहे. थांबणं हा त्या उपचाराचाच भाग, आणि आपल्याकडे नेमका तोच विसरला जातो. हिशेब करून बघा. आठवड्याला ६०,००० म्हणजे दिवसाला साडेआठ हजार युनिटच्या वर. तुमच्या मुलीच्या वयाला रोजची गरज आहे ६०० युनिटची, आणि नऊ वर्षांपुढच्या मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज ४,००० च्या वर देऊ नये असं मानतात. हे जीवनसत्त्व जास्त झालं तर लघवीवाटे निघून जाणारं नाही. ते चरबीत साठून राहतं. फारच साठलं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग भूक जाते, पोट साफ होत नाही, सारखी तहान लागते, लघवीला वरचेवर जावं लागतं, आणि उलट्या होतात. तुमच्या घरात उलटी झाली की सगळे काय म्हणतील? डोकं दुखायला लागलं, दे आणखी एक पुडी. मला भीती वाटते ती याची.

सगळ्या मिळून दहा पुड्या, त्याही तीन-चार महिन्यांत विभागून. एवढ्याने मुलीला अपाय झाला असेल असं मला वाटत नाही, तेव्हा रात्रीची झोप घालवू नका. पण पुढचं काही ठरवण्याआधी २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम, अशा दोन्ही तपासण्या करून घ्या. आणि जास्तीच्या चार पुड्या दिल्या हे तुमच्या डॉक्टरांना मोकळेपणी सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका. त्यांना ते माहीत नसेल तर पुढचा डोस चुकेल.

आता तो १४ चा आकडा. लॅबच्या कागदावर शेजारी ‘३० ते १००’ असं छापलेलं असणार आणि ते बघून तुमच्या छातीत धस्स झालं असणार. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ मुलांसाठी २० च्या वर असेल तर पुरेसं धरतात, १२ ते २० म्हणजे अपुरं, आणि १२ च्या खाली कमतरता. तुमच्या मुलीचं अपुरं होतं. ते भरून काढायलाच हवं होतं, कारण येत्या पाच-सात वर्षांत तिची हाडं झपाट्याने वाढणार आहेत. हाडांसाठी मी त्या पुड्यांच्या बाजूने उभी आहे. डोक्याची गोष्ट मात्र वेगळी आहे.

तुमच्या नणंदबाईंनी वाचलं ते अगदीच हवेतलं नाही. मायग्रेन असलेल्या मुलांमध्ये व्हिटॅमिन डी कमी सापडतं, असं सांगणारे अभ्यास वेगवेगळ्या देशांत झाले आहेत. पण आपल्याकडे ते कमी नसतं कोणाचं? २०१६ ते २०१८ या काळात केंद्र सरकारने मुलांच्या पोषणाची देशभर पाहणी केली. त्यात ५ ते ९ वयाच्या १८ टक्के आणि १० ते १९ वयाच्या २४ टक्के मुलांचा आकडा १२ च्याही खाली निघाला. तुमच्या मुलीच्या वर्गात, जन्मात कधी डोकं न दुखलेल्या कितीतरी मुलांचं रक्त तपासलं तर असंच काहीतरी हाती लागेल. शिवाय उलटंही असू शकतं. ज्या मुलीला ऊन डोळ्यांत खुपतं, जी महिन्यातल्या चार दुपारी अंधाऱ्या खोलीत काढते, मैदानावर जायला नाही म्हणते, तिच्या अंगाला ऊन कमीच लागणार. डोकेदुखीमुळे डी कमी, की डी कमी म्हणून डोकेदुखी, हे एका रक्ताच्या थेंबावरून कळत नाही.

तुर्कस्तानातला एक छोटा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला होता. मायग्रेनच्या ५३ मुलांना अ‍ॅमिट्रिप्टिलिन नावाचं औषध दिलं, त्यांतल्या काहींना सोबत व्हिटॅमिन डी. डी मिळालेल्या मुलांचे झटके जास्त कमी झाले. ऐकायला छान वाटतं. पण गट फार लहान होते, आणि ते रक्तातल्या आकड्यावरून पाडलेले होते. एवढ्यावर वर्षभराचं औषध उभं करता येत नाही. आणि २०१७ साली अमेरिकेतून जे आलं, त्याने तर आम्हा डॉक्टरांनाच विचारात पाडलं. ८ ते १७ वयाच्या ३६१ मुलांचे तीन गट केले. दोन गटांना मायग्रेन टाळायची दोन नावाजलेली औषधं दिली, तिसऱ्याला दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी. औषधं घेणाऱ्यांपैकी ५२ आणि ५५ टक्के मुलांची डोकेदुखी निम्म्यावर किंवा त्याहून खाली आली. औषध नसलेल्या गोळीच्या गटात ६१ टक्के.

म्हणजे ती मुलं नाटक करत होती असं नाही, ताई. मुलांचा मायग्रेन आपणहून चढतो, आपणहून उतरतो. त्यात कोणीतरी मन लावून विचारपूस करायला लागलं, दिवसांची नोंद व्हायला लागली, आता बरं वाटेल अशी आशा आली, की मुलं खरोखर बरी होतात. हे कळल्यापासून ‘अमुक सुरू केलं आणि डोकं थांबलं’ असं कोणी सांगितलं की मी विचारते, त्याच वेळी आणखी काय काय बदललं होतं?

तुमच्या पत्रातच उत्तर आहे. एप्रिल-मेमध्ये पुड्या चालू होत्या, खरं. पण मेमध्ये पावणेसातला बाहेर पडायचं नव्हतं. झोप पूर्ण होईपर्यंत कोणी उठवत नव्हतं. उठल्यावर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, ताजा पाव, दहा वाजता पेज, भूक लागली की फणसाचे गरे, तहान लागली की माठातलं पाणी. शिकवणी नाही, परीक्षा नाही. जूनमध्ये हे सगळं एका सोमवारी संपलं आणि डोकं परत आलं. पुडीतलं व्हिटॅमिन डी असं एका आठवड्यात संपत नाही. रक्तातली त्याची पातळी निम्मी व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात. सहा पुड्यांचा साठा अंगात असताना शाळेची घंटा वाजली आणि झटके सुरू झाले. वर तुम्ही आणखी चार दिल्यात, तरी थांबले नाहीत. तुमच्या स्वतःच्या घरात झालेला हा प्रयोग आहे. मला त्यातून दिसतं ते असं, की मुलीला पुडीने नाही, सुट्टीने आराम दिला.

अर्धशिशी म्हणजेच मायग्रेन. पण त्या शब्दाने आपली फार फसगत केली आहे. अर्धं शीर दुखलं तरच अर्धशिशी, असं वाटून कितीतरी मुलं वर्षानुवर्षं ‘सायनस’, ‘पित्त’, ‘चष्मा लागला असेल’ या नावांखाली फिरत राहतात. मोठ्या माणसांचं बहुधा एका बाजूचं दुखतं. मुलांचं दोन्ही बाजूंनी, पुढून, कपाळावर दुखतं. मोठ्यांचा झटका दिवसभर किंवा दोन-तीन दिवस चालतो, मुलांचा दोन तासांतही आटोपतो. झोप लागली की जातो, उलटी झाली की उतरतो. उजेड नको, आवाज नको, चेहरा पांढरा, आईला तोच त्रास, घाटात गाडी लागणं. ताई, तुम्ही न ओळखता मायग्रेनचं इतकं नेमकं वर्णन लिहून पाठवलंत की पुस्तकात घालावं. असे निदान पाच झटके झालेले असले आणि तपासणीत दुसरं काही सापडलं नाही, की निदान या हकिकतीवरूनच होतं. डोक्याचा फोटो काढायची सरसकट गरज नसते. पण एकदा बालरोगतज्ज्ञांकडून रक्तदाब मोजून घ्या, चालणं-तोल बघून घ्या आणि डोळ्याचा मागचा पडदा तपासून घ्या. नंबर बघणं वेगळं, पडदा बघणं वेगळं. म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात हे होईल. त्यांना काही शंका आली तर ते बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, पाठवतील.

आणि काही गोष्टी दिसल्या तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी इस्पितळात जायचं. डोकं दुखून पहाटे झोपेतून जाग येते आणि उठल्या उठल्या उलटी होते, असं वरचेवर व्हायला लागलं. दुखणं आठवड्यागणिक वाढत चाललं. दोन दोन दिसतं, तिरळं बघते, चालताना झोकांड्या जातात. फिट आली. ताप आहे आणि मान वाकत नाही. डोक्याला मार लागल्यावर दुखतंय. किंवा आजवर कधी दुखलं नाही इतकं एकदम, क्षणात दुखायला लागलं. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, म्हणून मी इतक्या शांतपणे लिहिते आहे.

आता सकाळकडे येऊ, कारण माझ्या मते सगळी गोम तिथे आहे. रात्री साडेआठ-नऊला जेवलेली मुलगी सकाळी चहा-बिस्किटांवर बाहेर पडते. मधली सुट्टी साधारण साडेदहाला. म्हणजे साडेतेरा तास पोटात नीट काही नाही. मायग्रेनच्या मेंदूला उपास सोसत नाही. सकाळी खाववत नाही असं ती म्हणेल, आणि ते खरंही असेल. म्हणून ताटभर नको. उकडलेलं अंडं आणि अर्धा पाव, किंवा आदल्या रात्रीच्या पिठाचे दोन पोळे, तेही नको तर एक केळं आणि कपभर दूध. चहा बंद करा, दहा वर्षांच्या मुलीला तो लागत नाही.

पाण्याची बाटली दुपारी परत येते तेव्हा किती भरलेली असते, ते बघा. मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलीला हे विचारते, आणि दहातल्या सात-आठ जणी मान खाली घालतात. पाणी प्यायलं तर शाळेच्या संडासात जावं लागतं, तो घाण असतो किंवा कडी लागत नाही. मग त्या दुपारी दीडपर्यंत घोटही घेत नाहीत. हे मुलीला रागावून सुटणार नाही. चार आयांनी मिळून शाळेत जाऊन बोलावं लागेल. जा. एका पुडीपेक्षा या भेटीने जास्त मुलींची डोकेदुखी थांबेल.

झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास लागते. सहाला उठायचं तर नऊला डोळे मिटायला हवेत, फोन त्याच्या तासभर आधी बाजूला. आणि रविवारी दहापर्यंत लोळणं नको, रोजच्यापेक्षा एखादा तास उशीर चालेल. मायग्रेनला कमी झोप आवडत नाही, तशी अचानक जास्त झोपही नाही. चारच्या शिकवणीबद्दल तुम्हीच ठरवा. मी असते तर निदान तीन महिने बंद करून बघितली असती.

चॉकलेट, चीज, अमुक-तमुक बंद करा अशी यादी मी देणार नाही. झटका यायच्या काही तास आधी काही मुलांना गोड खावंसं वाटतं. ती चॉकलेट खातात, मग डोकं दुखतं, आणि बिचाऱ्या चॉकलेटवर आळ येतो. वहीत नोंद ठेवा. तारीख, वाजले किती, आदल्या रात्रीची झोप, सकाळचं खाणं, पाणी, कोणती गोळी कधी दिली. एका ओळीत मावतं. दोन महिन्यांनी ती वही बोलेल.

गोळीचं तुम्ही उशिरा आणि कमी करता. उलटी सुरू झाल्यावर औषध नीट शोषलं जात नाही, तेव्हा दिलेलं बरंचसं वाया जातं. कपाळ जड झालं असं तिने म्हणताच द्यायचं. पॅरासिटामॉल वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे २८ किलोला सुमारे ४२० मिलिग्रॅम. ५०० च्या गोळीचा अर्धा तुकडा तिला पुरतच नव्हता. आयबुप्रोफेन मायग्रेनला बरेचदा जास्त चांगलं लागू पडतं, किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे तिला २८० च्या आसपास, दोन घास पोटात असताना. दोन्हींची सिरपं मिळतात. बाटलीवरचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांकडून एकदा मिलिलिटरमध्ये लिहून घ्या आणि फ्रीजवर चिकटवा. मात्र अंगात ताप असेल तर आयबुप्रोफेन नको. पावसाळा आहे, आपल्याकडे डेंग्यू असतो, आणि डेंग्यूत त्या औषधाने रक्तस्राव वाढू शकतो. तापात फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन मुलांना कधीच नाही. आणि कोणतीही वेदनाशामक गोळी आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त लागायला लागली तर डॉक्टरांना भेटा, कारण वरचेवर घेतलेल्या गोळीनेच डोकं दुखायला लागतं. एवढं करूनही झटके कमी झाले नाहीत तर रोज घ्यायची औषधं आहेत. त्यांच्या जोडीला मनाचा ताण हाताळायला शिकवणारं समुपदेशनही आहे, आणि दहा वर्षांपुढच्या मुलांमध्ये त्या जोडीचा फायदा चांगल्या अभ्यासात दिसलेला आहे. तो पुढचा टप्पा.

शेजारच्या बाईंना दुखवू नका, पण सातच्या कोवळ्या उन्हाने काम होत नाही. कातडीत व्हिटॅमिन डी तयार करणारे किरण सूर्य तिरपा असताना जमिनीपर्यंत फारसे पोचत नाहीत. सोपी खूण अशी, की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसली तर त्या उन्हाचा चांगला उपयोग. गोवा विषुववृत्तापासून फक्त पंधरा-साडेपंधरा अंश वर आहे, त्यामुळे वर्षभर, डिसेंबरातसुद्धा, दुपारच्या आसपास अशी सावली मिळते. पण तुमच्या मुलीला तर प्रखर उजेडानेच झटका येऊ शकतो. म्हणून भर बाराला उभं करायचं नाही. दहा-साडेदहाच्या किंवा तीनच्या सुमाराला, डोक्यावर टोपी, हात-पाय उघडे, वीसेक मिनिटं खेळू दे. मधली सुट्टी वर्गात बसून न घालवता मैदानावर घालवली तर अर्धं काम तिथेच झालं. बंद खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यासाठी निरुपयोगी, काच तेच किरण अडवते.

आणि पावसाळ्यात आपल्याकडे एकाच वेळी सगळं आटतं. ऊन ढगाआड जातं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, म्हणून बाजारात ताजे तारले-बांगडे कमी आणि महाग. मग श्रावण लागला की हिंदू घरांत थेट गणेश चवथ होईपर्यंत नुस्त्याला, म्हणजे मासळीला, हात नाही. अन्नातून व्हिटॅमिन डी मिळतं ते मुख्यतः तेलकट मासळीतून, आणि ती आपल्या ताटात नेमकी या तीन महिन्यांत नसते. अंड्याचा बलक थोडं देतो. जीवनसत्त्व घातलेल्या दुधाच्या पिशवीवर निळ्या रंगात अधिकचं चिन्ह आणि ‘एफ’ असतं, ती घ्या. पण एका पेल्यातून मिळणारं अगदी थोडं. म्हणून तपासणीनंतर तुमच्या डॉक्टरांनी रोजचा छोटा डोस लिहून दिला तर तो जरूर द्या, चवथीपर्यंत तरी. माशाच्या यकृताच्या तेलाच्या गोळ्या कोणी आणून दिल्या तर त्या पुडीच्या जोडीला चालू करू नका. त्यात अ जीवनसत्त्वही असतं, आणि ते जास्त झालं की मेंदूभोवतीचा दाब वाढून खरोखरच डोकं दुखतं.

सासूबाईंना दिश्ट काढू द्या. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्यावर त्या नातीला काळोख्या खोलीत निजवतात ना? कपाळावर ओला फडका ठेवून जवळ बसतात ना? मायग्रेनला याहून चांगली शुश्रूषा मलाही सांगता येणार नाही. फक्त गोळी आधी, दिश्ट मागाहून.

मिस्टरांशी मात्र बोलावं लागेल, आणि ते मुलीसमोर नको. गणिताच्या दिवशी दुखतं हे कदाचित खरंही असेल. ताणाने झटका येतो, आणि आलेला झटका तितकाच खरा असतो. चेहऱ्यावरचं रक्त दहा वर्षांच्या मुलीला ठरवून उतरवता येत नाही, त्यांना एवढंच विचारा. मी स्वतः अशीच मुलगी होते. शाळेतल्या एका बाईंनी मला नाटकी म्हणून वर्गाबाहेर उभं केलं होतं. समोर चुना लावलेली भिंत आणि तिच्यावर अकराचं ऊन. ते पांढरं ऊन मला आजही डोळे मिटले तरी दिसतं. दुखण्याचं मी विसरले, कोणी विश्वास ठेवला नाही हे विसरले नाही.

वर्गशिक्षिकेला देण्यासाठी एक चिठ्ठी लिहून देते. सही तुमची, खाली डॉक्टरांची.

‘माननीय बाई, माझ्या मुलीला मायग्रेनचा त्रास आहे. कपाळ दुखतं असं तिने सांगितल्यास सोबत दिलेलं औषध लिहिलेल्या प्रमाणात लगेच द्यावं, तासाभराने नाही. त्यानंतर अर्धा-पाऊण तास तिला शांत, कमी उजेडाच्या जागी डोकं टेकू द्यावं. बरं वाटल्यावर ती वर्गात परत येईल. तिला बाकावर पाण्याची बाटली ठेवू द्यावी आणि विचारेल तेव्हा बाहेर जाऊ द्यावं. ताप असेल, बोलणं-चालणं बदललं किंवा दुखणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, तर औषध न देता मला ताबडतोब फोन करावा.’